चुलवाणातला जाळ आणि दूरच्या दीर्घिका

कोल्हापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला दीर्घिका घेतल्यास, त्याही अतिनील किरणांतून, हे वाचून फार आनंद झाला. ‘अतिनीलच का, असं विचारलं तर काय सांगू?’ असं लिहिलंयस. तुमच्या गुऱ्हाळात चुलवाणापाशी उभी राहा. चिपाड भडकन पेटतं आणि बघता बघता राख होतं. ज्वाळ दिसते, म्हणजे जाळ घालणाऱ्या गड्याचा हात अजून चालू आहे. दीर्घिकेतले जड, तापलेले तारे तसेच. सूर्याचं आयुष्य हजारएक कोटी वर्षांचं, तर सगळ्यात जड तारे वीस-तीस लाख वर्षांतच संपतात. त्यांचा बराचसा प्रकाश अतिनील. म्हणून अतिनील चित्रात उजळ दिसणाऱ्या भागात बहुधा गेल्या दहाएक कोटी वर्षांत तारे जन्मलेले असतात.

माझ्याकडून झालेली चूक मात्र तू करू नकोस. एक दीर्घिका अतिनीलमध्ये मंद दिसली, म्हणून ‘इथली तारानिर्मिती थांबली’ असं मी लिहून मोकळा झालो होतो. अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या किरणांतली निरीक्षणं पाहिली आणि सगळं खोडावं लागलं. धूळ अतिनील प्रकाश गिळते आणि अवरक्तात बाहेर टाकते. धुरानं ज्वाळ झाकली तरी धग लागतेच की! एम८२ ही दीर्घिका याचं उत्तम उदाहरण. धुळीचा हिशेब केल्याशिवाय ताऱ्यांच्या जन्मदराचा आकडा कुणाला सांगू नकोस.

ओझोन हे किरण अडवतो, म्हणून दुर्बीण अवकाशातच हवी. आपल्या ॲस्ट्रोसॅट या उपग्रहावर (२८ सप्टेंबर २०१५ ला सुटलेला) ३८ सेंटिमीटरच्या जुळ्या दुर्बिणी आहेत. आधीच्या गॅलेक्स या अतिनील अवकाश दुर्बिणीला पाचएक विकलांपर्यंतचे (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) बारकावे दिसत, यांना दीड विकलांपर्यंतचे. ॲस्ट्रोसॅटचा निकट-अतिनील (दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या अतिनील किरणांचा) शोधक २०१८ मध्ये बंद पडला, तेव्हा निरीक्षणाची तारीख आधी बघ.

नारळीकर सर आपल्या कोल्हापुरात जन्मलेले. त्यांनी उभारलेल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत कनक साहा यांच्या गटाने २०२० मध्ये याच उपग्रहातून ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचे किरण टिपले. विश्व प्रसरण पावत असल्यानं वाटेत त्यांचे तरंग जवळपास अडीचपट ताणले गेले होते. म्हणजे निघताना ते इतके तीव्र अतिनील होते, की एरवी त्या दीर्घिकेतल्याच हायड्रोजननं ते शोषले असते. ते निसटले कसे, हे कळलं तर बालवयातल्या विश्वातला वायू पुन्हा आयनित (अणूंतले इलेक्ट्रॉन सुटलेला) कसा झाला याचा माग लागतो. मला तर अजून त्या एका ठिपक्याचं अप्रूप वाटतं.

सुरुवात जवळच्या एम८३ या दीर्घिकेपासून कर. दृश्य प्रकाशात तिची चकती जिथं संपल्यासारखी वाटते, त्याच्या कितीतरी बाहेर अतिनीलमध्ये तरुण ताऱ्यांचे पुंजके दिसतात. विरळ वायूत तिथं तारे कसे जन्मतात, यावर अजून खूप काम बाकी आहे. दृश्य आणि अतिनील अशी दोन्ही चित्रं छापून शेजारी ठेव. संगणकाला हात लावण्याआधी चार दिवस नुसती बघ आणि पेन्सिलीनं खुणा कर.

सुट्टीला आलीस की ती खुणा केलेली चित्रं घेऊन ये, रंकाळ्यावर बसून बघू.

तुझा,
काका