अमेरिकेत जिताडा: बारामुंडीच्या पाकिटापासून कालवणापर्यंत

प्रश्न असा आहे की न्यू जर्सीत मिळणारी ‘बारामुंडी’ म्हणजे आपला जिताडाच का, आणि तोच असेल तर त्याच्या कालवणाला पेण-अलिबागची चव का येत नाही.

मासा तोच. शास्त्रीय नाव लेटेस कॅल्केरिफर. रायगडात जिताडा, गोव्यात चोणक, बंगालात भेटकी, बांगलादेशात कोराल, व्हिएतनाममध्ये का चेम. ‘बारामुंडी’ हा शब्द क्वीन्सलंडमधल्या आदिवासी भाषेतला, अर्थ मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा. अमेरिकेच्या पाण्यात तो नाही. त्याला ऊब लागते, म्हणून मॅसॅच्युसेट्समधल्या टर्नर्स फॉल्सला तो बंद शेडमधल्या टाक्यांत वाढवला गेला. सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये दिसतात ते बिनकाट्याचे तुकडे बहुतेक व्हिएतनाममधल्या समुद्री पिंजऱ्यांतले. पाकिटावर देश आणि ‘फार्म रेज्ड’ की ‘वाइल्ड’ हे छापलेलं असतं, ते वाचा.

कालवण बिघडतं ते या तुकड्यांमुळेच. त्यात काटा नाही, डोकं नाही, मग रश्श्याला अंग कुठून येणार? शिवाय बर्फाचं पाणी सुटून रस्सा पातळ होतो. कालवणासाठी बांगलादेशी किराणा दुकानात जा आणि ‘बारामुंडी’ नव्हे, ‘कोराल’ किंवा ‘भेटकी’ मागा. पाकिटावर ‘व्हेटकी’ असंही लिहिलेलं असतं. तिथे काट्यासकट आडव्या कापलेल्या तुकड्या आणि कधी कधी अख्खं डोकंही मिळतं. डोकं दिसलं तर सोडू नका.

अख्खा मासा घेताना ‘सी बास’ या पाटीवर जाऊ नका. त्या नावाखाली ब्रान्झिनो हा युरोपातला मासाही विकतात, आणि चिलियन सी बास तर या दोघांपेक्षा पूर्ण वेगळा. शेपटीकडे बघा: जिताड्याची गोल, ब्रान्झिनोची दुभंगलेली. जिताड्याचं कपाळ डोळ्यांवर खोलगट असतं आणि जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो. साफ करताना कल्ल्याच्या झाकणाला बोट लावू नका, कड ब्लेडसारखी कापते. अख्ख्या माशातून निव्वळ मांस निम्म्याहून कमीच निघतं, त्या हिशोबाने वजन घ्या.

आता मातीच्या वासाबद्दल. तो शिळेपणाचा नव्हे. तळ्यातले किंवा टाकीतले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं मातीच्या वासाचं रसायन तयार करतात, ते माशाच्या चरबीत साठतं. कातडीखालचा लालसर-तपकिरी पट्टा कापून टाकला की बराचसा वास जातो, उरलेल्याला आंबट उतारा: आम्लाने जिओस्मिन मोडतं. तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ किंवा कोकमाचं आगळ लावून वीस मिनिटं ठेवा. तासभर नको, मांस वरून चिवट होतं.

व्हॅक्यूम पाकीट वितळवण्याआधी फोडा. हवाबंद पाकिटात ऑक्सिजन नसतो, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंना तेच हवं असतं. तुकडे ताटलीत काढून, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. मायक्रोवेव्हमध्ये कडा शिजतात आणि मधे बर्फ राहतो.

अर्धा किलो तुकड्यांना: दोन मोठे चमचे तेल, ठेचलेल्या बारा-पंधरा लसूण पाकळ्या, अर्धा चमचा हळद, दोन चमचे आगरी मसाला, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, अडीच कप पाणी, मीठ. खोबरं नको, जिताड्याची स्वतःची चव त्याखाली दबते (मालवणी मंडळी भांडतील, भांडू देत). लसूण तेलात नुसती सोनेरी करायची, करपली की रस्सा कडू. मसाला घालून लगेच पाणी, नाहीतर तो जळतो. डोकं असेल तर ते आधी, दहा मिनिटं उकळायचं. मग तुकडे, दोन सेंटिमीटर जाडीला मंद आचेवर सहा-सात मिनिटं पुरतात. पळी फिरवू नका, पातेलं दोन्ही कानांना धरून हलवा. मांस पाकळीसारखं सुटायला लागलं की गॅस बंद, वर कोथिंबीर, पंधरा मिनिटं झाकून.

आणि ते बिनकाट्याचे तुकडे? ते तव्यासाठी घ्या, कातडीसकट मिळाले तर उत्तम. कागदाने अगदी कोरडे पुसा, मीठ लावा, तवा चांगला तापल्यावर कातडी खाली ठेवून पहिला अर्धा मिनिट उलथन्याने दाबून धरा, नाहीतर कातडी आक्रसून तुकडा वाकतो. चार-पाच मिनिटं कातडीकडून, एक-दोन मिनिटं उलटून. थर्मामीटर असेल तर मधोमध 63 अंश सेल्सिअस. तुकडा तव्याला चिकटलाय असं वाटलं तर ओढू नका, थांबा. कातडी कुरकुरीत झाली की आपोआप सुटते. रवा लावणार असाल तर तो तळायच्या क्षणीच लावा, आधी लावून ठेवलेला ओला होऊन तेलात गळतो.