प्रकाशन घराण्याचा वारस असलेला आधुनिक कलेचा मोठा संग्राहक कोण?

माझं उत्तर: एस. आय. न्यूहाउस ज्युनिअर, म्हणजेच 'साय' न्यूहाउस. वडिलांनी अमेरिकेत वृत्तपत्रांचं साम्राज्य उभारलं, 'व्होग'सारखी मासिकं मुलाने सांभाळली. पण गडी खरा रमला चित्रांत. 1988 मध्ये जॅस्पर जॉन्सचं 'फॉल्स स्टार्ट' त्याने लिलावात 1.7 कोटी डॉलरला घेतलं. हयात चित्रकारासाठी तेव्हा तो विक्रम होता. पुढे तेच चित्र विकूनही टाकलं! साठवून ठेवण्यापेक्षा घेणं-विकणं त्याला जास्त भावत असावं.

2017 मध्ये तो वारला. दोन वर्षांनी त्याच्या संग्रहातला शिल्पकार जेफ कून्सचा स्टीलचा ससा 'रॅबिट' 9.1 कोटी डॉलरला गेला. फुग्यासारख्या दिसणाऱ्या सशाला एवढे पैसे, मला तरी अतिच वाटतात.