राउटर रीस्टार्ट केला की चालतो, मग नवा घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पंधरा-एक जणांचं ऑफिस आहे, सगळे संगणक वायरवर आहेत, राउटर दिवसातून दोन-तीनदा हँग होतो, बंद करून चालू केला की नीट चालतो, तर लहान व्यवसायासाठी कोणता वायर्ड राउटर घ्यावा?

‘बंद करून चालू केला की नीट चालतो’ हे वाचलं आणि राहवलं नाही. याच एका वाक्याच्या जोरावर आमच्याकडे एक धडधाकट राउटर कपाटात गेला होता. मॉडेलचं खाली सांगतो, पण आधी हे ऐका.

मी छापखान्यात प्रीप्रेसला आहे. पानं लावणं, पीडीएफ तपासणं, प्लेटला पाठवणं हे माझं काम, आणि संगणकांची देखभालही माझ्याकडेच आली आहे. आमची लाइन डाउनलोडला 100 एमबीपीएस आणि अपलोडला फक्त 10. बिलिंगचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर, ऑफिसचे फोनही इंटरनेटवरूनच. दिवसातून काही वेळा असं व्हायचं की हिशेबाच्या टेबलावरून ‘नेट गेलं’ अशी हाक यायची, फोनवरचा आवाज तुटायला लागायचा, आणि कोणीतरी उठून राउटरची पिन काढून लावायचं. दोन मिनिटांत सगळं ठीक.

नेटवर्कचं काम कंत्राटावर बघणारे एक गृहस्थ होते. त्यांनी रॅकसमोर उभं राहून निदान केलं: राउटरचा प्रोसेसर कमी पडतोय, लोड झेपत नाही, मोठा घ्या. मी म्हटलं, आधी मोजून तरी बघू. त्यावर सगळ्यांसमोर मला सांगण्यात आलं की प्रीप्रेसच्या माणसाने प्लेटा बघाव्यात, राउटरमधलं त्याला कळत नाही. मालकांनी मोठा राउटर मागवला. तो लागला तेव्हा मोठी कामं नुकतीच संपली होती, त्यामुळे सुरुवातीला शांतता होती आणि गृहस्थांचं कौतुकही झालं. पुढच्या पुस्तकाचं काम सुरू झालं आणि पुन्हा तेच. या वेळचं निदान होतं: आता स्विच बदला.

तेव्हा मी कोणाला न विचारता माझ्या वायरवरच्या संगणकावर कमांड लिहायच्या दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीत राउटरच्या स्वतःच्या पत्त्याला, म्हणजे 192.168.1.1 ला, सतत पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं). दुसरीत बाहेर, गूगलच्या 8.8.8.8 या पत्त्याला. दोन्ही दिवसभर चालू ठेवल्या. एरवी पहिलीत एक मिलिसेकंदापेक्षा कमी, दुसरीत आठ-दहा. ‘नेट गेलं’ अशी हाक आली तेव्हा पाहिलं तर पहिल्या खिडकीत काहीच बदल नव्हता, राउटर पूर्वीसारखाच चटकन उत्तर देत होता. दुसरीत मात्र आकडे हजाराच्या वर गेलेले, मधूनमधून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. मी ले-आउटच्या खोलीत गेलो. तिथे एका पुस्तकाची जवळपास एक जीबीची पीडीएफ ग्राहकाला पाठवणं चालू होतं. थांबवायला सांगितलं. मी परत टेबलापाशी येईपर्यंत पिंग दहावर आला होता. पुन्हा सुरू करायला सांगितलं, पुन्हा हजार. मालकांना खुर्चीवर बसवून हेच दाखवलं.

आता यातली ग्यानबाची मेख बघा. एक जीबीची फाइल 10 एमबीपीएसच्या अपलोडवर जायला तेरा-चौदा मिनिटं लागतात. तेवढा वेळ बाहेर जाण्याचा रस्ता भरलेला असतो. ऑफिसच्या आतलं नेटवर्क गिगाबिटचं (1000 एमबीपीएस) आणि बाहेरची वाट 10 एमबीपीएसची, त्यामुळे जास्तीची पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, मोडेमच्या मेमरीत रांग लावून बसतात, नरसाळ्यात तेल साचावं तशी. 10 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट. मोडेमने तेवढी रांग धरली की तिच्या शेवटी उभ्या राहिलेल्या प्रत्येक पॅकेटला एक सेकंद उशीर. त्या रांगेत फोनचा आवाज असतो, डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याची) विचारणा असते, आणि डाउनलोडच्या पोचपावत्याही असतात. म्हणून अपलोड एकाचं चालू असलं तरी डाउनलोड सगळ्यांचं मरतं. याला बफरब्लोट म्हणतात.

आणि राउटर रीस्टार्ट केला की काय होतं? चालू असलेलं अपलोड तुटतं! रांग रिकामी होते, नेट ‘येतं’. फाइल पाठवणारा माणूस थोड्या वेळाने वैतागून तीच फाइल पहिल्यापासून पाठवायला घेतो, आणि राउटर पुन्हा ‘हँग’ होतो. श्रेय रीस्टार्टला, दोष राउटरला, आणि खरं कारण शेजारच्या खोलीत. तुमच्याकडेही हेच असेल असं छातीठोक म्हणत नाही, पण बॅकअप, क्लाउडला सिंक होणारे फोल्डर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बाहेर जाणं, यांपैकी काही असेल तर माझा पहिला संशय तिथेच.

उपाय साधा आहे: रांग मोडेममध्ये लागूच द्यायची नाही, ती आपल्या राउटरमध्ये लावायची आणि हुशारीने हाताळायची. त्यासाठी राउटरमध्ये अपलोडची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवायची आणि रांगेची पद्धत एफक्यू-कोडेल किंवा केक निवडायची. या पद्धतीत प्रत्येक कनेक्शनची वेगळी रांग धरली जाते, त्यामुळे फोनच्या इवल्याशा पॅकेटला पुस्तकाच्या पीडीएफमागे ताटकळावं लागत नाही. आम्ही 10 च्या जागी 9 ठेवले. मोठी फाइल दीड मिनिट उशिरा पोचते, आणि ती जात असताना कोणाला पत्ताही लागत नाही.

गंमत नाही, खरंच सांगतो: नव्या मोठ्या राउटरमध्ये ही सोयच नव्हती. त्यात नुसतं उच्च-मध्यम-निम्न असं प्राधान्य ठरवण्याचं पान होतं. कपाटातल्या जुन्यात ती होती. जुना बाहेर काढला, मर्यादा लावली, आणि तोच लागला. ‘लोड झेपत नाही’ असा शिक्का बसलेला राउटर तेच सगळं ऑफिस सांभाळू लागला. ते गृहस्थ आजही याला योगायोग म्हणतात. माझं त्यांना तेव्हाही हेच म्हणणं होतं आणि आजही आहे: ज्याने पिंगसुद्धा लावून बघितला नाही, त्याने खरेदीची यादी देऊ नये.

आता निवडीबद्दल. खोक्यावर लिहिलेला ‘गिगाबिट’ हा आकडा बहुतेक वेळा मोठ्या पॅकेटचा आणि हार्डवेअर ऑफलोड (प्रोसेसरऐवजी वेगळ्या चिपने पॅकेट पुढे ढकलणं) चालू असतानाचा असतो. गिगाबिट लाइन मोठ्या, 1518 बाइटच्या फ्रेमनी (तारेवरून जाणाऱ्या पॅकेटनी) भरायला सेकंदाला सुमारे 81 हजार फ्रेम पुरतात. 64 बाइटच्या फ्रेमनी भरायची तर जवळपास 14 लाख 88 हजार लागतात, आणि राउटरला मेहनत प्रत्येक फ्रेममागे पडते. ऑफिसमधलं खरं काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं. शिवाय रांगेची शिस्त, घुसखोरी-तपासणी किंवा व्हीपीएन चालू केलं की बऱ्याच राउटरमध्ये ऑफलोड बाजूला पडतो आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये फास्टट्रॅक (पॅकेट जवळच्या वाटेने काढणारी सोय) चालू असेल तर पॅकेट साध्या रांगांना वळसा घालून निघून जातात. म्हणजे रांग लावलेली दिसते, पण काम करत नाही. म्हणून विकणाऱ्याला एकच विचारा: मला लागणाऱ्या गोष्टी चालू केल्यावर किती वेग मिळतो? उत्तर नसेल तर दुसऱ्याला विचारा.

पंधरा जणांना मायक्रोटिकचा हेक्ससारखा छोटा पाच पोर्टचा राउटर पुष्कळ होतो, पण त्याच्या मेनूत शिरायची तयारी हवी. तशी कोणाची तयारी नसेल तर टीपी-लिंकच्या ओमाडा मालिकेतला ईआर605 सोपा आहे आणि त्याला एकापेक्षा जास्त लाइन जोडता येतात. जुना चांगला संगणक आणि दोन नेटवर्क कार्ड असतील तर ओपनसेन्स हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर टाका, मला स्वतःला ते सर्वांत आवडतं. वायफाय राउटरमध्येच असावं हा हट्ट सोडा. राउटर एकीकडे, स्विच एकीकडे, वायफाय देणारा ॲक्सेस पॉइंट हवा तिथे. दोन लाइन घेणार असाल तर फेलओव्हर (एक लाइन पडली की दुसरीवर जाणं) पोर्टच्या दिव्यावर ठेवू नका. लाइन पलीकडे तुटली तरी मोडेमकडे जाणारा पोर्ट जिवंतच दिसतो. बाहेरच्या पत्त्याला पिंग करून ठरवणारा फेलओव्हर हवा.

एक गोष्ट मात्र कोणताही राउटर घेताना बघाच: कंपनी त्याला अजून नवं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) देते का. 2018 साली व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने जगभरात किमान 5 लाख राउटर आणि स्टोरेज यंत्रं बाधित केल्याचं सिस्कोच्या टॅलोस गटाने जाहीर केलं होतं, आणि त्यात लहान ऑफिसांत वापरले जाणारे राउटर होते. बाहेरून लॉगिन बंद, यूपीएनपी (यंत्रांना आपोआप बाहेरून वाट उघडून देणारी सोय) बंद, पासवर्ड बदललेला. यावर वाद नको.

नवा घेण्याआधी तुमच्या अडचणीचा माग असा काढा. अडकल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका, पाच मिनिटं कळ सोसा. राउटरला पिंग लागत नसेल तर त्या संगणकाचा पत्ता बघा. 169.254 ने सुरू होत असेल तर त्याला डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ताच मिळालेला नाही: केबल, स्विच किंवा संपलेला पत्त्यांचा साठा. पत्ता 192.168 चाच, पण गेटवे (बाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता) भलताच दिसत असेल तर कोणीतरी कोपऱ्यात जुना वायफाय राउटर लॅन पोर्टने जोडलाय आणि तोही पत्ते वाटतोय. स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत असतील तर एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये गेली आहेत का ते शोधा. साध्या स्विचला ती लूप ओळखता येत नाही. राउटरला पिंग लागतो, 8.8.8.8 लाही लागतो, पण साइट उघडत नाहीत, तर डीएनएस. काही साइट उघडतात, काही अर्ध्यात लटकतात, आणि लाइन पीपीपीओईची (यूजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) आहे, तर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) 1500 च्या जागी 1492 आहे का आणि एमएसएस क्लॅम्पिंग (कनेक्शनला त्या मापात बसवणारी सोय) चालू आहे का ते तपासा. आयपी फोनवर एकाच बाजूचा आवाज येत असेल तर राउटरमधलं एसआयपी एएलजी (फोनच्या पॅकेटमध्ये परस्पर फेरफार करणारी सोय) बंद करून बघा, बऱ्याचदा तेच नडतं.

आणि केबल! राउटरच्या पानावर पोर्ट 1000 ऐवजी 100 वर जोडलेला दिसला तर राउटरला शिव्या देऊ नका. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, 100 ला दोनच पुरतात. एखादी जोडी नीट क्रिम्प झाली नसेल तर जोडणी गपचूप 100 वर उतरते आणि कोणी तक्रारही करत नाही. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबल तर भिंतीत घालूच नका.

राहता राहिलं एक. राउटर खरोखर हँग होतच नाहीत असं माझं म्हणणं नाही. अडॅप्टर म्हातारा झाला की राउटर आपोआप रीस्टार्ट होत राहतो, बंद कपाटात तापला की अडखळतो, आणि शेकडो कनेक्शन उघडणारा एखादा प्रोग्राम लहान राउटरची सेशनची यादी भरून टाकू शकतो. अडकलेल्या वेळी राउटर स्वतःच्या पत्त्यावरही उत्तर देत नसेल, शेजारच्या संगणकाला मात्र पिंग लागत असेल, तर आधी त्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. तरीही तेच झालं तर बेलाशक नवा घ्या. तुमची लाइन अपलोडलाही 100-200 एमबीपीएसची असेल तर माझी सगळी छापखान्याची कथा तुम्हाला कमी लागू पडेल. प्रश्नात अपलोडचा वेग लिहिलेला नाही. तो, आणि अडकलेल्या वेळचे दोन्ही पिंगचे आकडे खाली टाका, मग यातलं नेमकं मॉडेल ठरवू.