कॅमेरा घ्यायचाय, पण बजेट बेताचं

प्रश्न : मुलीच्या नाचाच्या कार्यक्रमातले मोबाइलवरचे फोटो हललेले आणि पिवळट येतात. दुकानदार २४ मेगापिक्सेलची नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि दोन लेन्सचं किट सुचवतो आहे. घ्यावं का?

उत्तर : आमच्या मते नको. २४ मेगापिक्सेलच्या आकड्यावर भाळू नका. १२ मेगापिक्सेलच्या, म्हणजे ४००० × ३००० पिक्सेलच्या फोटोचीही ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) १३ × १० इंचांची स्वच्छ प्रिंट निघते. तुमची खरी अडचण उजेडाची आहे आणि ती लेन्सच सोडवू शकते.

किटमधली १८-५५ मिमी झूम लेन्स ५५ वर नेली की तिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितकं छिद्र मोठं). सोबतच्या लांब झूम लेन्सची गत बहुतेक वेळा तीच, किंवा त्याहून वाईट. गिरकी घेणारी मुलगी न हलता यायची तर शटर निदान १/२५० सेकंद हवं, हाताची बोटंही स्पष्ट हवी असतील तर १/५००. समजा, एवढ्या शटरला एफ/५.६ वर आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील, तो आकडा) १२८०० लागतो, एफ/१.८ वर तेच काम १२५० च्या आसपास भागतं, कारण आत येणारा उजेड जवळजवळ दहापट होतो. छोट्या सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) १२८०० ला केसांचा नुसता लगदा दिसतो. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची, बॉडी घेतलीत तरी साधारण एका स्टॉपचा (दुप्पट उजेडाचा) फायदा. एफ/१.८ लेन्सने तीन स्टॉपहून जास्त मिळतात, तेही बरेच कमी पैसे मोजून.

तेव्हा एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरची एखाददुसरी पिढी जुनी बॉडी घ्या आणि वाचलेल्या पैशात ५० मिमी एफ/१.८ लेन्स. सहा मीटरवरून कॅमेरा उभा धरला तर या लेन्सच्या चौकटीत सुमारे २.८ मीटर उंची मावते, म्हणजे हात वर केलेली नर्तिकाही पूर्ण येते. बारा मीटरवर बसलात तर फोटो कापून मोठा करावा लागेल (जास्तीचे मेगापिक्सेल कामाला येतात ते इथे). घरातल्या खोलीत मात्र ५० मिमी अडचणीची, तिथे ३५ मिमी बरी.

एक सापळा सांगून ठेवतो. निकॉन डी३५०० किंवा डी५६०० या बॉडीत फोकसची मोटर नाही. स्वस्त दिसली म्हणून ५० मिमी एफ/१.८डी लेन्स आणाल तर ऑटोफोकस चालणारच नाही. लेन्सवर एएफ-एस (म्हणजे मोटर लेन्समध्येच) लिहिलेलं हवं.

पिवळटपणा लेन्सने जाणार नाही. रॉ फाइलमध्ये (सेन्सरची कच्ची नोंद) फोटो काढा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्याचा रंग, नंतर दुरुस्त करा.

प्रश्न : वापरलेला कॅमेरा घेताना काय तपासावं?

उत्तर : आपलं मेमरी कार्ड आणि टॉर्च घेऊनच जा. लेन्स काढून, तिचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, मागून तिरपा टॉर्च मारा. धूळ दिसली तर सोडून द्या, चार कणांनी फोटो बिघडत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू म्हणजे बुरशी. ती काचेवरचं कोटिंग खाते, साफ केल्यावरही डाग राहू शकतो. अशी लेन्स फुकट मिळाली तरी नको.

मग अ‍ॅपर्चर एफ/१६ ला ठेवून, फोकस बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती निघते. ओरखडा निघत नाही. नंतर लेन्सवर झाकण लावून काही सेकंदांचं एक्स्पोजर द्या. रंगीत ठिपके म्हणजे हॉट पिक्सेल, सेन्सरवरचे बिघडलेले बिंदू. दोन-चार असले तर हरकत नाही.

शटर किती वेळा पडलं हेही पाहा. निकॉनच्या फोटो फाइलमध्ये तो आकडा असतो, कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये नसतो. सुरुवातीच्या श्रेणीतल्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं. तीसएक हजार झाले असतील तर खुशाल घ्या, नव्वद हजार असतील तर किंमत पाडून मागा. आकडा कमी पण ग्रिपचं रबर चिकट आणि गंज चढलेले स्क्रू, असं दिसलं तर आकड्यापेक्षा स्क्रूवर विश्वास ठेवा : कॅमेरा ओलीत पडून होता.

शेवटी बॅटरी. फुगलेली असेल तर कप्प्यात अडकते, म्हणून एकदा काढून-घालून पाहाच.

प्रश्न : पक्ष्यांसाठी ६० पट झूमचा एकलेन्सी (लेन्स न बदलता येणारा) कॅमेरा कसा?

उत्तर : भर उन्हात, बसलेल्या पक्ष्यासाठी चांगला, आणि त्या किमतीत एवढा पल्ला दुसरं काहीच देत नाही. पण अशा कॅमेऱ्यांचा सेन्सर बहुधा ६.२ × ४.६ मिमीचा, एपीएस-सीच्या साधारण तेराव्या हिश्शाएवढा. पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे नेमके पक्षी बाहेर पडतात तेव्हा, पिसांचा तपशील पुसला जातो. पूर्ण झूमवर हातही थरथरतो. तिपाई किंवा निदान भिंतीचा टेकू लागेलच.