कोरियन मेन्यू वाचायचा तर नावाचं शेपूट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलला येऊन चार महिने झाले, इथलं जेवण आवडतं, पण हॉटेलात गेलं की बोट बिबिम्बाप (भाज्या, मांस घालून कालवायचा भात) नाहीतर तळलेल्या चिकनवरच जातं. तिखट फारसं झेपत नाही, आणि बहुतेक वेळा तुम्ही एकट्याच जेवायला जाता. मग बाकीचे पदार्थ कसे आणि कुठल्या क्रमाने चाखायचे?

मी इथे नऊ वर्षं राहतेय. पहिलं वर्ष माझंही असंच गेलं, कारण भिंतीवरच्या मेन्यूत पन्नास नावं दिसायची आणि पन्नासही अनोळखी वाटायची. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. नाव पुढून वाचू नकोस, शेवटून वाच. कोरियन पदार्थाच्या नावात बहुधा आधी जिन्नस येतो आणि शेवटी करण्याची पद्धत. ही शेपटं दहा-पंधराच आहेत. ती ओळखता आली की अनोळखी हॉटेलातही समोर काय येणार याचा अंदाज बांधता येतो.

बाप म्हणजे भात, म्यॉन आणि गुकसू म्हणजे नूडल्स, जुक म्हणजे तांदळाची पेज. गुक हा पातळ, रोजच्या जेवणातला रस्सा. जिगे त्याहून दाट आणि चवीला जोरकस. तो काळ्या मातीच्या भांड्यात उकळतच टेबलावर येतो आणि सोबत भाताची वाटी असते. तांग म्हणजे हाडं किंवा मांस बराच वेळ शिजवून काढलेला रस्सा. जॉन्गोल टेबलावरच्याच शेगडीवर, सगळ्यांत मिळून खायचा. बोक्कुम परतलेलं, गुई भाजलेलं, जॉन पिठात घोळवून तव्यावर केलेलं, जोरिम सोया सॉसमध्ये आटवलेलं, मुछिम मसाला लावून कालवलेलं. जिम म्हणजे वाफवलेलं किंवा मंद आचेवर मुरवलेलं.

गाल्बी म्हणजे बरगडी. गाल्बीगुई ही निखाऱ्यावर भाजलेली, गाल्बीतांग म्हणजे तिचाच स्वच्छ, सौम्य रस्सा, आणि गाल्बीजिम म्हणजे सोया सॉसच्या गोडसर रसात मऊ होईपर्यंत शिजवलेली. मांस तेच, पण जेवणं तीन. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. छुन्छॉन शहराच्या प्रसिद्ध डाक्गाल्बीत बरगडी नसते. कोंबडीचे तुकडे, कोबी, रताळं आणि तांदळाच्या वड्या गोचुजांगमध्ये, म्हणजे आंबवलेल्या लाल मिरचीच्या वाटणात, मोठ्या तव्यावर परततात.

आता तुमच्यासाठी सुरुवात. एकट्या माणसाला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे रश्शाची हॉटेलं: गुकबाप (रस्सा-भात), सॉल्लॉन्गतांग, खालगुकसू (सुरीने कापलेल्या नूडल्सचा रस्सा), सुनदुबू (मऊ टोफूचा जिगे). तिथे एकट्याने येऊन वीस मिनिटांत जेवून जाणारे पुष्कळ असतात, तुमच्याकडे कुणी वळूनही बघणार नाही. त्यातही मी सॉल्लॉन्गतांगपासून सुरू करायला सांगेन. बैलाची हाडं आणि मांस तासन् तास उकळून केलेला दुधासारखा पांढरा रस्सा, अजिबात तिखट नाही.

तो मी पहिल्यांदा घेतला तेव्हा एक चमचा तोंडात घातला आणि चवच लागली नाही. वाटलं, हॉटेलवाले काहीतरी विसरले. तसाच निम्मा खाल्ला. वाढणाऱ्या मावशी आल्या (इथे हॉटेलात त्यांना 'इमो' अशी हाक मारतात, आणि त्याचा अर्थ मावशीच), माझ्या वाडग्यात डोकावल्या आणि काही न बोलता टेबलावरचा मिठाचा डबा उघडून पुढे केला. मग चिरलेल्या कांद्याच्या पातीची मूठभर रास वर घातली. शेवटी मुळ्याच्या चौकोनी फोडींच्या किमचीचा, म्हणजे काक्तुगीचा, लालसर आंबट रस चमचाभर ओतला. पांढऱ्या रश्शात गुलाबी रेघ पसरली आणि पुढचा घास वेगळ्याच पदार्थाचा लागला. सॉल्लॉन्गतांग मुद्दाम अळणी देतात, चव आपली आपण लावायची असते. आधी अर्धा तसाच चाखा, हाडांची खरी चव तेव्हाच कळते. मग मीठ, मग पात, आणि भात घालायचा तो सगळ्यात शेवटी.

त्यानंतर सामग्येतांग घ्या. लहान कोंबडीच्या पोटात चिकट तांदूळ, लसूण, जिनसेंग आणि खजुरासारखी जुजुबची फळं भरून शिजवलेली असते. उन्हाळ्यात 'बोक' नावाचे तीन दिवस येतात, त्या दिवशी ती खायला हॉटेलांबाहेर रांगा लागतात. उष्णतेवर उष्णतेचाच उतारा, असा इथला समज आहे. मीठ वेगळ्या बशीत मिळतं, मांस त्यात टेकवून खायचं.

तिखटाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे रंगावर विसंबून माणूस फसतो. किमची जिगे दिसतो लालभडक, पण जुन्या आंबलेल्या किमचीमुळे त्यात आंबटपणा पुढे असतो आणि तिखट बऱ्याचदा झेपेल इतकंच असतं. उलट द्वेनजांग जिगे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचा, तपकिरी आणि साधा दिसतो, पण त्यात छॉन्ग्यांग जातीच्या हिरव्या मिरचीच्या चकत्या टाकण्याची पद्धत आहे. एखादी चुकून चावली गेली तर पुढची दहा मिनिटं दुसरी चव कळत नाही. स्वच्छ दिसणाऱ्या खालगुकसूतही कधीकधी ती असते. म्हणून चमच्याने आधी तळ ढवळा आणि हिरव्या चकत्या बाजूला काढा. मागवतानाच 'आन मेप्के हे जुसेयो' म्हणा, म्हणजे तिखट नको. मात्र हे रश्शात किंवा परतलेल्या पदार्थात चालतं. आधीपासून मसाला लावून ठेवलेल्या मांसात ते काही करू शकत नाहीत. नाक्जी बोक्कुम, म्हणजे परतलेला छोटा ऑक्टोपस, तुम्ही सध्या सोडाच.

बिबिम्बाप तुम्हाला आवडतोच, तर एकदा दोलसॉत, म्हणजे दगडी भांड्यातला, नीट सबुरीने खा. आल्या आल्या कालवू नका. दोन मिनिटं थांबा, तळाच्या भाताची चरचर ऐकू येते. त्याची खरपूस खापरी धरली की मग कालवा. गोचुजांग वेगळं दिलं असेल तर आधी निम्मंच घाला.

नूडल्समध्ये माझा जीव प्योंगयांग पद्धतीच्या मुल नेंगम्यॉनवर आहे. बकव्हीटच्या (कुट्टूच्या) शेवया आणि बर्फासारखा गार मांसाचा रस्सा. पहिल्यांदा तो फिका वाटेल, बहुतेकांना वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला रश्शाच्या मागून येणारी चव कळू लागते, म्हणून एका भेटीत निकाल देऊ नका. व्हिनेगर आणि मोहरी टेबलावर असते, पण आधी नुसता रस्सा प्या. हामहुंग पद्धतीच्या शेवया स्टार्चच्या, चिवट, आणि बहुधा लाल मसाल्यात कालवून येतात. त्या कापायला कात्री देतात. दोन्ही शहरं आज उत्तर कोरियात आहेत. 1950 ते 53 च्या युद्धात दक्षिणेला आलेल्या निर्वासितांनी या चवी इकडे रुजवल्या. बुसानला त्याच लोकांनी बकव्हीटऐवजी गव्हाचं पीठ वापरलं आणि मिलम्यॉन तयार झाला. बुसानला गेलात तर तो आणि डुकराच्या मांसाचा द्वेजी गुकबाप, दोन्ही चुकवू नका. उन्हाळ्यात खोंगगुकसूही पाहा: गार, दाट सोयाबीनच्या दुधात नूडल्स, तिखटाचा लवलेश नाही. सोलमध्ये त्यात मीठ घालतात, नैऋत्येच्या जॉल्ला भागात साखर.

भाताबरोबर येणाऱ्या छोट्या बशांना बानछान म्हणतात. त्यांचे वेगळे पैसे नसतात, आणि संपलं की बहुतेक ठिकाणी पुन्हा देतात. 'इगॉ जोम दॉ जुसेयो' म्हणा, म्हणजे हे आणखी थोडं द्या, नाहीतर कोपऱ्यात स्वतः वाढून घ्यायची सोय असेल तर तिथून घ्या. अनोळखी चवी ओळखायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे, एका घासाची जोखीम फक्त. चमचे-काड्या टेबलावर दिसल्या नाहीत तर टेबलाच्या कडेचा खण ओढून बघा. टिप द्यायची नसते.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना इथेच देते. भाजीचा दिसणारा रस्साही बहुधा सुक्या मासळीच्या पाण्यात केलेला असतो, आणि नेहमीच्या किमचीत खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा रस पडतो. निर्धास्त खायचं तर बौद्ध मठांचं जेवण देणारी हॉटेलं शोधा. तिथे मांस-मासळीबरोबर कांदा-लसूणही नसतो.

हॉटेल निवडताना मी एकच गोष्ट बघते: मेन्यू किती छोटा आहे. भिंतीवर दोन-तीनच नावं आणि आत दुपारी बाराला गर्दी, तर बेधडक शिरा. एकाच पदार्थावर वर्षानुवर्षं चालणारी हॉटेलं इथे गल्लोगल्ली आहेत. बाजारात भटकायचं असेल तर सोलच्या ग्वांगजांग मार्केटमधला बिन्देतॉक, म्हणजे मुगाचं जॉन, खा. भिजवलेले मूग जात्यावर दळून भरपूर तेलात तुमच्यासमोर करतात. पावसाच्या दिवशी गेलात तर आणखी बरं, कारण पाऊस पडला की जॉन आणि माक्कॉल्ली (तांदळाची दुधाळ दारू) ही इथली ठरलेली जोडी.

काही पदार्थ मात्र एकटीने होणार नाहीत. भाजायचं मांस, डाक्गाल्बी, जॉन्गोल, बुदे जिगे (सॉसेज, हॅम आणि इन्स्टंट नूडल्सचा) यांना बहुतेक हॉटेलांत किमान दोन माणसांची ऑर्डर लागते. ऑफिसमधल्या एखाद्या सहकाऱ्याला सोबत घ्या. सामग्यॉप्साल, म्हणजे डुकराच्या पोटाचं भाजलेलं मांस, खाताना लेट्यूसच्या पानावर केन्निपचं (पेरिलाचं) पान ठेवा, त्यावर मांस, सामजांग या सोयाबीन-मिरचीच्या वाटणाचं बोट, भाजलेली लसूण, आणि पुडी एका घासात तोंडात. अर्धी चावून खाली ठेवली तर सगळं हातावर ओघळतं.

आणि डाक्गाल्बीला गेलात तर तव्यात थोडं शिल्लक ठेवूनच 'बोक्कुमबाप' सांगा. तिथल्या मावशी उरलेल्या मसाल्यात भात, समुद्री शेवाळ आणि तिळाचं तेल घालून परततात, मग तो तव्यावर पातळ थापून ठेवतात. लगेच चमचा घालू नका. कडा तपकिरी होऊ लागल्या की उलथन्याने तळापासून खरवडून घ्या.