जहाजावर अनुभवी कप्तान असताना बंदरात शिरायला बाहेरचा पायलट, म्हणजे त्या पाण्याचा माहीतगार वाटाड्या, कशाला लागतो? ही पद्धत किती जुनी आहे, आणि त्यांच्या बोटी कशा असायच्या?

काही वर्षं मी मालवाहू जहाजांवर थर्ड ऑफिसर म्हणून काढली. पायलट यायच्या आधी शिडी तपासायची, तो चढताना कठड्याशी उभं राहायचं आणि त्याला ब्रिजवर (जहाज जिथून चालवतात तिथे) कप्तानापर्यंत न्यायचं, ही कामं माझ्याकडे असत. तेव्हापासून या माणसांबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

कप्तान कितीही मुरलेला असला तरी एखाद्या बंदरात तो वर्षातून एकदा येतो, कधी आयुष्यात पहिल्यांदाच. पायलट त्या पाण्यात रोज असतो. वाळूचे दांडे सरकतात, गाळ साचतो, भरतीच्या कोणत्या तासाला कोणत्या वळणावर प्रवाह जहाजाचं नाक ढकलेल, हे सगळं नकाशात मावत नाही. कोलकात्याच्या हुगळी नदीला दामोदर आणि रूपनारायण मिळतात त्या भागातल्या वाळूच्या दांड्याला ‘जेम्स अँड मेरी’ म्हणतात. १६९४ साली तिथे बुडालेल्या ‘रॉयल जेम्स अँड मेरी’ या जहाजाचं ते नाव.

पायलट आला म्हणजे कप्तान मोकळा झाला, असं मात्र नाही. सुकाणूचे आणि इंजिनाचे हुकूम व्यवहारात पायलट सांगतो, पण जहाज आणि त्याची जबाबदारी कप्तानाचीच राहते. पनामा कालवा हा ठळक अपवाद. तिथे जहाज चालवण्याचा ताबाच पायलटकडे जातो.

आता जुनेपणा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचं समुद्रमार्गाचं टिपण लिहिलं. त्यात बारिगाझा, म्हणजे नर्मदेवरचं भरुच, येतं. खाडीचं तोंड उथळ, भरती अशी की तिचा आवाज दुरून सैन्याच्या आरोळ्यांसारखा यावा. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जात आणि येणाऱ्या जहाजांना गाठत. होड्यांची नावंही दिली आहेत: त्रप्पग आणि कोतिंब. भरती लागली की जहाज ओढायचं, ओहोटीला ठरलेल्या खोल डोहात नांगर टाकून थांबायचं, पुन्हा भरतीला पुढे. हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो. पगारी वाटाडे, ठरलेली जागा, खास होड्या आणि भरतीचं वेळापत्रक, म्हणजे आजच्या पायलट सेवेचा सगळा सांगाडा तिथे उभा आहे.

मध्ययुगीन युरोपात हा पेशा जिवावरचा होता. ओलेराँ या फ्रेंच बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सागरी कायद्यांत, पायलटच्या अज्ञानामुळे जहाज बुडालं आणि त्याला भरपाई देता आली नाही, तर त्याचं डोकं उडवण्याची मुभा खलाशांना होती. पुढे परवाने आणि संस्था आल्या. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५१४ साली ट्रिनिटी हाऊस या दर्यावर्दींच्या संस्थेला सनद दिली, ती मुख्यतः थेम्स नदीवरचे अडाणी पायलट आवरण्यासाठी.

बोटींचा खरा बहर शिडांच्या काळातला, विशेषतः एकोणिसाव्या शतकातला. तेव्हा बऱ्याच ठिकाणी पायलट आपापला धंदा करत. जहाज आधी गाठेल त्याला काम. त्यामुळे बोट वेगवान हवी आणि कुठल्याही हवेत बाहेर राहू शकणारी हवी. इंग्लंड आणि वेल्समधल्या ब्रिस्टल खाडीतले पायलट कटर, म्हणजे एका डोलकाठीच्या शिडाच्या बोटी, मला यात सगळ्यात आवडतात. पायलट जहाजावर चढला की मागे बहुधा एक खलाशी आणि एक शिकाऊ पोरगाच उरायचा. तेवढ्याच माणसांना ती जड बोट वादळातून परत आणता यावी, या हिशेबाने तिची शिडं आणि दोर मांडलेले असत. पायलटला बोटीतून जहाजापर्यंत न्यायला एक छोटं होडकं, आणि ते वल्हवायला बहुतेक वेळा तोच पोरगा. लाटांमध्ये दोन बोटींच्या मध्ये वल्ही मारणारा तो मुलगा पुढे स्वतः पायलट व्हायचा, कारण शिकण्याची दुसरी शाळा नव्हतीच.

न्यूयॉर्कचे पायलट स्कूनर, म्हणजे दोन डोलकाठ्यांच्या शिडाच्या बोटी, मोठे असत. एका बोटीत कितीतरी पायलट, आणि लांबून ओळखू यावं म्हणून शिडावर भलामोठा आकडा. किनाऱ्यापासून शेकडो मैल बाहेर जाऊन ते जहाजांची वाट पाहत. या बोटी बांधणाऱ्यांची नजर किती तयार होती पाहा: जॉर्ज स्टीयर्स हा पायलट स्कूनरांसाठी नावाजलेला. त्याने ‘अमेरिका’ नावाची शर्यतीची नौका आखली, आणि १८५१ साली तिने इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाभोवतीची शर्यत जिंकली. अमेरिकाज कप या नौकाशर्यतीचं नाव त्या नौकेवरून आलंय.

वाफेची इंजिनं आल्यावर ही चढाओढ ओसरली. पायलट एकत्र आले, कमाई वाटून घेऊ लागले, आणि एक मोठी बोट बंदराच्या तोंडाशी मुक्काम ठोकून राहू लागली. आता डिझेलच्या वेगवान लाँच आहेत. रात्री त्या वर पांढरा, खाली लाल दिवा लावतात. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या तोंडाशी तर हेलिकॉप्टरनेही पायलट उतरवतात.

पण बाकी बहुतेक ठिकाणी शेवटचे काही मीटर अजून दोराच्या शिडीचेच आहेत. जहाज थोडं वळून लाटांना आडोसा करून देतं, लाँच कडेला चिकटते, आणि पायलट लाटेच्या माथ्यावर असताना शिडी पकडतो. चढत्या लाटेवर पकडली तर खालून वर येणारी लाँच पायावर बसते. पाण्यापासून ९ मीटरपेक्षा जास्त चढायचं असेल तर नुसती शिडी चालत नाही, तिला कडेचा जिना जोडावा लागतो. लाकडी पायऱ्या सरळ आणि घट्ट असाव्या लागतात, दोर कुठे कुजलेला नसावा लागतो.

एकदा पहाटे माझ्या शिडीची एक पायरी एका बाजूला कलली होती. मी घाईत वरून पाहिलं आणि ठीक आहे म्हणालो. लाँचमधून पायलटने टॉर्चचा झोत नेमका त्या पायरीवर धरला, हाताने नकार दिला, आणि लाँच मागे सरली. आम्ही दुसरी शिडी काढून लावेपर्यंत ती लाटांत गोल फिरत राहिली. तो चढून आला तेव्हा केस पिकलेले, हातमोजे ओले. मला एक शब्द बोलला नाही. ब्रिजवर गेल्यावर कप्तानाला नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला, “ड्राफ्ट किती आहे?” (म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडालंय). पुढच्या बंदरापासून मी शिडीची एकेक पायरी हाताने चाचपून मगच ती खाली सोडू लागलो.