पोटाची औषधे आणि त्यांची परीक्षा : वाचकांचे प्रश्न

पोटाच्या जुनाट तक्रारींविषयी मागील अंकात लिहिले, त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेकांनी ‘अमुक गोळी घेऊ का’ असे विचारले आहे. त्याचे उत्तर ज्यांनी पोट तपासले त्या डॉक्टरांनीच द्यायला हवे, सदरातून ते देणे योग्य नाही. चार पत्रांचा रोख मात्र वेगळा आहे. एखादे औषध लागू पडते, हे मुळात ठरते कसे, असा त्या चारही पत्रांचा प्रश्न असल्याने त्यांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या पत्नीचे वय 38 आहे. गेली सहा वर्षे तिचे पोट दुखते. कधी दिवसातून पाच-सहा वेळा शौचाला जावे लागते, तर कधी दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. सर्व तपासण्यांनंतर आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) असे निदान झाले. आम्ही ज्या रुग्णालयात दाखवतो, तेथे तिला एका नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेण्याविषयी विचारले आहे. निम्म्या रुग्णांना औषध नसलेली गोळी मिळेल आणि कोणाला काय मिळाले हे डॉक्टरांनाही ठाऊक नसेल, असे सांगितले. आजारी माणसाला जाणूनबुजून खोटी गोळी देणे कोणत्या न्यायात बसते? — एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचा राग मला समजतो, पण त्या गोळीला ‘खोटी’ म्हणण्याआधी या आजाराचा स्वभाव पाहू या. आयबीएसमध्ये आतड्याला जखम नसते, सूज नसते, रक्ताच्या तपासणीत किंवा एंडोस्कोपीत बोट ठेवावे असे काही सापडत नाही. दुखणे मात्र खरे असते, आणि ते भरती-ओहोटीसारखे वरखाली होत राहते. माणूस डॉक्टरांकडे जातो तो बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावर. म्हणजे त्यानंतर काही केले किंवा न केले तरी ओहोटी लागण्याचीच शक्यता अधिक. त्या दिवसांत जी गोळी सुरू असेल, तिच्या पदरात बरे होण्याचे श्रेय पडते. यात कोणी कोणाला फसवत नाही, पण फसगत होते.

याखेरीज विचारपूस, धीर आणि ‘आता उपाय सुरू झाला’ ही भावना यांचाही आतड्यावर परिणाम होतो. बोस्टन येथील संशोधक टेड कॅपचक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत विलक्षण आहे. आयबीएसच्या 80 रुग्णांपैकी काहींना त्यांनी सरळ सांगून, म्हणजे ‘या गोळीत औषध नाही’ असे स्पष्ट करून, तीन आठवडे नुसत्या गोळ्या दिल्या. उरलेल्यांची विचारपूस तेवढीच केली, गोळी दिली नाही. पुरेसा आराम पडला असे सांगणारे पहिल्या गटात 59 टक्के निघाले आणि दुसऱ्या गटात 35 टक्के. हा अभ्यास लहान होता आणि अवघ्या तीन आठवड्यांचा होता, म्हणून त्यावरून उपचारपद्धती ठरवणे मला धाडसाचे वाटेल. पण ज्या आजारात काहीही न देता शंभरात 35 जण बरे वाटते म्हणतात, त्या आजारात ‘आमच्या औषधाने निम्म्या रुग्णांना गुण आला’ या वाक्याला एकट्याने काही अर्थ उरत नाही, एवढे त्यावरून नक्की कळते.

म्हणूनच दोन गट करावे लागतात, कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवावे लागते, आणि गोळी देणाऱ्याला व घेणाऱ्याला दोघांनाही ते कळू द्यायचे नसते. कारण ‘आज कसे वाटते?’ हा प्रश्न विचारताना डॉक्टरांच्या आवाजातील आशासुद्धा उत्तर बदलू शकते.

घरातले उदाहरण घ्यायचे तर इसबगोलचे घेऊ. ‘पोटाची तक्रार आहे ना, मग कोंडा खा’ हा सल्ला आयबीएसच्या रुग्णांना वर्षानुवर्षे दिला जात होता. नेदरलँड्समध्ये नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे येणाऱ्या 275 रुग्णांचे तीन गट करून एकाला रोज 10 ग्रॅम इसबगोल, दुसऱ्याला तेवढाच गव्हाचा कोंडा आणि तिसऱ्याला तांदळाचे पीठ असे बारा आठवडे दिले गेले. हा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या महिन्यात बरे वाटणाऱ्यांचे प्रमाण इसबगोलच्या गटात 57 टक्के, कोंड्याच्या गटात 40 टक्के आणि पिठाच्या गटात 35 टक्के होते. म्हणजे कोंडा पिठाच्या जवळपासच राहिला. उलट कोंडा घेणाऱ्यांपैकी अनेकांनी त्रास वाढल्यामुळे मधूनच अभ्यास सोडला. तांदळाचे पीठ घेणारा तो तिसरा गट नसता, तर 40 टक्क्यांच्या आधारावर कोंड्याची शिफारस आजही तितक्याच आत्मविश्वासाने झाली असती. ज्यांना पीठ मिळाले त्यांच्यावर अन्याय झाला, असे म्हणता येईल का? कोंडा मिळालेल्यांपेक्षा त्यांचे काही फारसे बिघडले नाही, आणि हे आधी कोणालाच ठाऊक नव्हते. दोन्हींपैकी सरस काय हे खरोखर माहीत नसेल, तेव्हाच अशी चिठ्ठी टाकणे न्याय्य ठरते. माहीत असूनही टाकली, तर तो गुन्हा होय.

आता तुमच्या पत्नींच्या हक्कांविषयी. भारतात नव्या औषधाच्या चाचण्यांना 2019 चे नियम लागू आहेत. चाचणीला नीतिसमितीची मंजुरी लागते; या समितीत किमान सात सदस्य असतात, त्यांत एक कायद्याचा जाणकार, एक स्त्री आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. चाचणीची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, पहिला रुग्ण घेण्याआधी व्हावी लागते. ही नोंदवही 2007 साली सुरू झाली आणि कोणालाही पाहता येते. तेव्हा नोंदणी क्रमांक अवश्य मागा. माहितीपत्रक मराठीत मागा आणि ते घरी आणून दोघांनी मिळून वाचा; ‘आत्ताच सही करा’ असा आग्रह झाला, तर तेवढ्या कारणावरूनही नकार द्यायला हरकत नाही. सही केल्यानंतरही कोणत्याही दिवशी, कारण न देता, बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. चाचणीमुळे इजा झाल्यास तिच्यावरील उपचार विनामूल्य मिळायला हवेत. चाचणीमुळे कायमचे अपंगत्व आले किंवा मृत्यू झाला, तर भरपाईची तरतूद आहे.

याखेरीज दोन प्रश्न मी स्वतः विचारले असते. पहिला, चालू असलेल्या गोळ्या बंद कराव्या लागतील का, आणि मध्येच त्रास असह्य झाला तर कोणती गोळी घेण्याची मुभा आहे? दुसरा, औषध लागू पडले तर चाचणी संपल्यावर ते मिळत राहील का? या दुसऱ्या प्रश्नावर उत्तर देणारे बरेचदा चाचरतात, म्हणून तो आधीच विचारलेला बरा. वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे किंवा रक्त कमी होणे यांपैकी काही नव्याने सुरू झाले असेल, तर चाचणीचा विचार बाजूला ठेवून आधी निदान पुन्हा तपासून घ्या.

प्रश्न : 1974 साली अल्सरसाठी माझ्या पोटाचे मोठे ऑपरेशन झाले. ‘काळजी करू नका, तिखट खाऊ नका’ असे तेव्हा सांगितले होते आणि मी आजतागायत ठेचा खाल्लेला नाही. परवा पुतण्याला तोच आजार निघाला, तर त्याला 14 दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या देऊन घरी पाठवले. आमचे ऑपरेशन व्यर्थ होते काय? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सर, आपले ऑपरेशन व्यर्थ नव्हते, त्या काळी हाती असलेला तो मोठा उपाय होता. ठेच्याच्या पन्नास वर्षांबद्दल मात्र वाईट वाटते.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना 1979 साली जठराच्या तुकड्यांत नागमोडी जिवाणू दिसले. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना मिळाले आणि दोघांनी 1982 मध्ये 100 रुग्णांच्या जठराचे नमुने तपासले. जिवाणू बशीत वाढता वाढेनात, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही की बशी फेकून देण्याची प्रयोगशाळेची रीत होती. ईस्टरच्या सुटीत एक बशी तशीच राहून गेली आणि तीत जिवाणू वाढलेले सापडले. त्या रुग्णांपैकी ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठरालगतच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, अल्सर असलेल्या 13 जणांत, म्हणजे सर्वांतच, तो जिवाणू होता. तरीही अल्सर जिवाणूमुळे होतो हे कोणी मानेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचे ते पाणी स्वतःच प्यायले आणि काही दिवसांत आजारी पडले. ही गोष्ट जगभर सांगितली जाते. पण मार्शल यांना त्यातून झाली ती जठराची सूज, अल्सर नव्हे. शिवाय एका माणसावरून काय सिद्ध होणार?

माझ्या मते निर्णायक ठरला तो त्यानंतरचा, कमी नाट्यमय अभ्यास. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अल्सरच्या 100 रुग्णांना वेगवेगळ्या औषधांच्या जोड्या देऊन वर्षभर पाहिले गेले. ज्यांच्या जठरातील जिवाणू गेला त्यांच्यापैकी 21 टक्के रुग्णांचा अल्सर उलटला. ज्यांचा राहिला, त्यांच्यात हेच प्रमाण 84 टक्के होते. पुतण्याच्या गोळ्यांमागे हे आकडे आहेत. वॉरन आणि मार्शल यांना 2005 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुतण्याला एवढेच सांगा की चौथ्या दिवशी बरे वाटले तरी 14 दिवस पूर्ण करावेत, नाहीतर उरलेले जिवाणू त्या औषधांना दाद देत नाहीत. भारतात हा जिवाणू असंख्य लोकांच्या पोटात असतो आणि त्यांतील थोड्यांनाच अल्सर होतो, तेव्हा घरातल्या सर्वांनी धावतपळत तपासणी करून घेण्याची गरज नाही.

प्रश्न : शेजारच्या काकूंनी दिलेल्या चूर्णाने माझा गॅसचा त्रास 15 दिवसांत गेला. यावर संशोधन हवेच कशाला? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : त्रास गेला याचा आनंद आहे. तो चूर्णाने गेला की 15 दिवसांनी, हे मात्र तुम्हाला किंवा काकूंना सांगता येणार नाही. अशा अनेक चूर्णांत सोनामुखी असते. ती रेचक असल्याने दुसऱ्या दिवशी पोट साफ होऊन हलके वाटते, पण रोजच्या सवयीसाठी ती योग्य नव्हे. डबीवर घटक लिहिलेले नसतील, तर चूर्ण बंद करा. आयुर्वेदिक औषधांच्या चाचण्याही याच पद्धतीने होतात आणि सीटीआरआयमध्ये त्यांच्या नोंदी आहेत, त्यामुळे ही परीक्षा केवळ अ‍ॅलोपॅथीची आहे असे समजू नये.

प्रश्न : माझ्या तीन वर्षांच्या मुलीला जुलाब झाले, तेव्हा डॉक्टरांनी सलाईन न लावता फक्त ओआरएस आणि झिंक दिले. ती बरी झाली. पण सासूबाई म्हणतात, स्वस्तात उरकले. अशा साध्या मीठ-साखरेच्या पाण्याचा तरी कोणी अभ्यास केला आहे का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : सासूबाईंना बनगावची हकीकत सांगा. 1971 च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालच्या सीमेवरील या गावात निर्वासितांच्या छावण्या होत्या आणि कॉलऱ्याने माणसे मरत होती. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यासाठी 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा अशी मिश्रणे करून ती नातेवाईकांच्याच हातून रुग्णांना पाजली. आधी शंभरात तीस रुग्ण दगावत होते. त्यांच्या छावणीत हे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आले. येथे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, नुसत्या पाण्याचा गटही नव्हता आणि तसा गट ठेवणे अमानुष ठरले असते. मिरजेच्या वाचकांना वर दिलेल्या उत्तराला हा अपवाद आहे, आणि तो मी मुद्दाम नोंदवतो : फरक एवढा ढळढळीत असेल, तर चिठ्ठीची गरज उरत नाही.

अभ्यास मात्र तेथे थांबला नाही. मीठ आणि ग्लुकोज थोडे कमी केले तर काय होईल, हा बारीक प्रश्न होता आणि त्यासाठी पुन्हा मुलांचे गट करून तुलना करावीच लागली. कमी तीव्रतेच्या मिश्रणाने उलट्या कमी होतात आणि सलाईन लावण्याची वेळ कमी मुलांवर येते असे दिसले, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2002 मध्ये सूत्र बदलले. आज मिळणारे पाकीट त्या बदललेल्या सूत्राचे आहे. ते पूर्ण पाकीट, त्यावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात, एकदाच विरघळवावे आणि 24 तासांनी उरलेले फेकून द्यावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकल्यास सूत्राचा सगळा हिशेब बिघडतो. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस, सहसा 10 ते 14, चालू ठेवा. मूल सुस्तावले, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा पाजलेले सर्व उलटून पडू लागले, तर मात्र सलाईनचीच वेळ आहे असे समजून लगेच रुग्णालय गाठा.